जपानी चित्रपट आणि आमची शनिवारची भांडणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी कोणीतरी चार शब्द बोलावयाचे, ही आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. आजवर ह्या जागेवरून लोणची-मुरंब्यांवर, बाळंतिणीच्या आहारावर, अल्पबचतीवर आणि एकदा गुडघेदुखीवर भाषणे झाली. यंदा माझी पाळी आली. मी विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, कार्टूनवर कसलं भाषण करता? तो पोरांचा विषय." परंतु गेल्या श्रावणापासून दर शनिवारी दुपारी आपण आठ-दहाजणी मंडळाच्या खोलीत काय पाहतो, आणि पाहून झाल्यावर दिवेलागणीपर्यंत काय भांडतो, हे ज्यांनी जिन्यातून जाता-येता ऐकले आहे त्या हा विषय पोरांचा म्हणणार नाहीत. ज्या कधी आल्या नाहीत त्यांच्यासाठी मी मुद्दाम बोलत आहे.

कार्टून म्हटले की डोळ्यांपुढे उंदीर-मांजराची पळापळ येते. जपानात चित्रे काढून केलेल्या मालिकांना आणि चित्रपटांना आनिमे म्हणतात. त्यांत लहानांचे असते तसे थोरांचेही असते. राक्षस आणि भुते असतात, तशा नणंदा-भावजयाही असतात. स्वयंपाक तर त्या लोकांनी इतक्या हौसेने काढलेला असतो, की कढईत अंडे पडल्यावर त्याची कड कशी उचलली जाते तेसुद्धा दिसते. आमच्या एक काकू फक्त तेवढ्यासाठी येतात. गोष्ट संपली की त्या विचारतात, "आज काय शिजवलं होतं?"

चाळिशीच्या आसपासच्या आपण साऱ्याजणींनी जपानी चित्रमालिका लहानपणीच पाहिलेली आहे, फक्त ती जपानी आहे हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागे, ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन ह्या कंपनीने १९८९ मध्ये काढली होती. तिचे ५२ भाग होते. गोष्ट किपलिंगसाहेबाची, जंगल आपल्या नागपूरच्या पलीकडच्या शिवनीचे, चित्रे जपान्यांची, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, आणि शेरखान वाघाच्या तोंडी आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! एवढ्या ठिकाणची माणसे एका लांडग्याच्या पोरासाठी एकत्र आली, आणि आपण केस न विंचरता टीव्हीपुढे बसत होतो.

दुसरा असाच योग रामायणाचा. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ मध्ये आपल्या देशात उत्खननावर माहितीपट करावयास आले होते. येथे त्यांनी रामकथा ऐकली, मग जपानीत मिळतील तेवढी रामायणे वाचली, आणि त्यांच्या मनाने घेतले की ह्याचा चित्रपट करावयाचा. परक्या देशाचा माणूस आपल्या देवाचे कार्टून करणार म्हणून येथे विरोधही झाला. पण साकोंनी नाद सोडला नाही. आपल्याकडचे नामवंत चित्रकार राम मोहन ह्यांना सोबत घेऊन त्यांनी तो पुरा केला. १९९३ मध्ये तो येथील चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. हिंदीत रामाचा आवाज अरुण गोविलांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा होता. २०२५ च्या जानेवारीत तो नव्याने स्वच्छ करून चित्रपटगृहांत लागला, तेव्हा आमच्या घरची सगळी गेलो होतो. राम पडद्यावर आला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. शेजारी बसलेल्या एका बाईंचे म्हणणे असे, की सीतेचे डोळे फार मोठे काढले आहेत. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही पाहिली होतीत का हो?" लंका जिंकून राम-सीता परत येतात तेथे तो चित्रपट थांबतो, धोब्याची गोष्ट त्यात नाही. हे बरे केले की वाईट, ह्यावर आम्ही परतीच्या रिक्षात भांडलो. माझे मत, बरे केले. माझ्या मुलीचे मत, सोयीचे केले.

आता डोरेमॉन आणि शिनचान. ही दोन नावे घेतल्यावर येथे बसलेल्या निम्म्या आयांच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत, हे मला दिसते आहे. आपल्याकडे ही दोन्ही २००५-०६ पासून हिंदीत दिसू लागली आणि मुले जेवताना तीच लावू लागली. शिनचानवर २००८ मध्ये सरकारने बंदी घातली होती. नंतर काटछाट करून ती मालिका पुन्हा आली. तो पाच वर्षांचा मुलगा थोरांशी जे बोलतो आणि जे अवयव दाखवत नाचतो, ते पाहून आपल्या आयांनी तक्रारी केल्या. परंतु गंमत अशी, की जपानच्या आयांनीही केल्या होत्या. तेथील पालक-शिक्षक संघटना मुलांनी पाहू नयेत अशा कार्यक्रमांची यादी काढीत, तीत शिनचान वर्षानुवर्षे वरच्या जागी असे. मुळात योशितो उसुई ह्यांनी ती चित्रकथा १९९० मध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू केली होती. आई-बापांची थट्टा आई-बापांनी वाचावी म्हणून. मग ती पोरांच्या हाती लागली. मी ती पाहते ती त्याच्या आईसाठी, मिसाएसाठी. तिला स्वस्ताईचा सेल दिसला की तिचे भान सुटते, ती दुपारी आडवी पडते, ती नवऱ्याचा पगार मोजते आणि ती ओरडते. आपल्या मालिकांतल्या आया भरजरी नेसून जिना उतरत असतात. मिसाए जास्त ओळखीची वाटते.

डोरेमॉनच्या बाबतीत माझा आक्षेप निराळा आहे. नोबिता संकटात पडला की निळे मांजर पोटाच्या खिशातून काहीतरी काढून देते, आणि पोरे समजतात की आईच्या पदरालाही असाच खिसा आहे. पण त्या मांजराला जो पदार्थ आवडतो तो मी करून पाहिला, तो सांगते. त्याला दोरायाकी म्हणतात. दोन लहान जाड धिरडी, आणि मध्ये अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड पुरण. अझुकी आपल्याकडे सहसा मिळत नाही, म्हणून मी लाल चवळी शिजवून, वाटून, गुळात आटवली. ते आपल्या पुरणाचेच भावंड आहे. वेलदोडा मात्र घालू नये.

साझाए-सान ही मालिका आपल्याकडे दिसत नाही. माझी भाची पुण्यात जपानी भाषा शिकली, पुण्यात ती शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत, तिच्याकडून मला ती कळली. माचिको हासेगावा ह्या बाईंनी १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर वर्षाच्या आत, वर्तमानपत्रात साझाए नावाच्या गृहिणीची चार-चार चौकटींची चित्रे काढावयास सुरुवात केली. तिची मालिका ५ ऑक्टोबर १९६९ ला सुरू झाली ती आजतागायत दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला चालू आहे. चित्रमालिकांत जगात इतकी वर्षे दुसरी कोणतीही चाललेली नाही, असा तिचा विक्रम नोंदलेला आहे. घरातल्या सर्वांची नावे समुद्रातली आहेत. कोणी शंख, कोणी मासा, कोणी शेवाळ, आजोबा म्हणजे लाटा आणि आजी म्हणजे नाव. पन्नासहून अधिक वर्षांत कोणाचे वय वाढलेले नाही. साझाए २४ वर्षांचीच आहे. मालिका संपली की उद्या सोमवार, पुन्हा कचेरी, म्हणून लोकांना जे उदास वाटते त्याला जपानात साझाए-सानचा आजार असे नावच पडले आहे.

ह्या साझाएचा नवरा तिच्या माहेरी राहतो. आडनाव आपलेच ठेवतो, पण सासऱ्याच्या घरी जेवतो, मेहुण्याचा अभ्यास घेतो आणि सासऱ्याबरोबर संध्याकाळी चार घोट घेतो. भाचीने हे सांगताच आमच्या खोलीत जो वाद झाला तो अद्याप मिटलेला नाही. पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, "घरजावई म्हणा ना सरळ." दुसऱ्या म्हणाल्या, "मुलगी सासरी राहते तेव्हा तिला कोणी नाव ठेवतं का?" मी मध्ये पडले नाही.

मते मांडण्याची ही हौस आपल्यालाच आहे असे नाही. जपानात ह्या चित्रकथांच्या भक्तांनी १९७५ च्या डिसेंबरात तोकियोत एक बाजार भरवला. स्वतः लिहिलेली, स्वतः छापलेली पुस्तके आणून मांडायची, एकमेकांची घ्यायची, आवडले-नावडले बोलायचे. पहिल्या खेपेस ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे आली होती, त्यांत बहुतेक शाळा-कॉलेजांतल्या मुली. त्याला कॉमिके म्हणतात आणि आता तेथे लाखांनी गर्दी होते. मला हे वाचून आपली स्मरणिका आठवली. आपणही स्वतःच लिहितो, स्वतःच छापतो आणि स्वतःच विकत घेतो. पुढे १९७८ मध्ये ह्याच विषयाला वाहिलेले आनिमाज नावाचे मासिक निघाले. वाचकांच्या मतांवरून ते दर वर्षीचे उत्तम चित्र निवडी.

भक्तांच्या मताला किंमत असते. १९७४ मधली यामातो नावाची मालिका, तिच्यात बुडालेली लढाऊ आगबोट अंतराळात जाते, पाहणारे थोडे म्हणून २६ भागांत आटोपती घेतली होती. पण ज्यांना ती आवडली होती ते गप्प बसले नाहीत. १९७७ मध्ये तिचा चित्रपट करून लावावा लागला आणि त्याला रांगा लागल्या. आपल्याकडचे उदाहरण तर ताजे आहे. माकोतो शिंकाई ह्या दिग्दर्शकाचा पावसाच्या मुलीचा चित्रपट येथे लागावा म्हणून आपल्या देशातल्या मुलामुलींनी अर्ज केला. त्यावर पन्नास हजारांवर सह्या झाल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ ला तो येथे चित्रपटगृहांत लागला. तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. तिने सही केली होती आणि मैत्रिणींच्या करवून घेतल्या होत्या. आपल्या गल्लीतल्या नळाच्या अर्जावर मला बावीस सह्या मिळाल्या नव्हत्या.

ह्या शनिवारांची सुरुवात तिनेच करून दिली. पडद्यावर खाली ओळी उमटतात त्या वाचून ती आम्हांला मराठीत सांगते. आधी आम्ही हायाओ मियाझाकींचे सोपे चित्रपट पाहिले. एकात तेरा वर्षांची चेटकीण घर सोडून परगावी जाते आणि झाडूवर बसून लोकांची पार्सले पोहोचवून पोट भरते. एइको कादोनो ह्या लेखिकेच्या पुस्तकावरून तो १९८९ मध्ये केला. एक आजी नातीच्या वाढदिवसाला माशाचा भरलेला पदार्थ भट्टीत भाजून पाठवते, मुलगी पावसात भिजत तो पोहोचवते, आणि नात दारातच म्हणते की हा आम्हांला आवडत नाही. आपल्या मंडळात डबे करणाऱ्या ज्या आहेत, त्या ह्या प्रसंगी एका सुरात बोलल्या. काय बोलल्या ते स्मरणिकेत छापता यावयाचे नाही.

मग आम्ही तोतोरो पाहिला. आई रुग्णालयात आहे, दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहावयास येतात, आणि झाडीत त्यांना एक भला थोरला केसाळ प्राणी भेटतो. मियाझाकींची स्वतःची आई पुष्कळ वर्षे क्षयाने अंथरुणावर होती. १६ एप्रिल १९८८ ला हा चित्रपट जपानात लागला तेव्हा एकाच तिकिटात त्याच्या जोडीला दुसरा होता, तो म्हणजे इसाओ ताकाहाता ह्यांचा काजव्यांच्या थडग्याचा. घरच्या पोरांना घेऊन लोक तोतोरो पाहावयास आले आणि दुसरा पाहून रडत बाहेर पडले. ज्याने ही जोडी लावली त्याला पोरेबाळे नसावीत, असे आमच्या एक आजी म्हणाल्या.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

काजव्यांच्या थडग्याची गोष्ट १९४५ ची, कोबे शहराची. सेइता १४ वर्षांचा, त्याची बहीण सेत्सुको ४ वर्षांची. वडील आरमारात. बाँबच्या आगीत आई जाते. मुले दूरच्या नात्यातल्या एका मावशीकडे येतात. ती ठेवून घेते. त्यांच्या आईची वस्त्रे विकून तांदूळ आणते, त्यातला वाटा आपल्या घरालाही ठेवते. पुढे धान्य आटते तशी ती बोलू लागते. माझी मुलगी कामावर जाते, भाडेकरू कामावर जातो, तू दिवसभर लोळतोस, तुला भात कशाला? मुलगा काही उत्तर करीत नाही. तो वेगळी शेगडी आणतो, वेगळी चूल मांडतो, आणि शेवटी बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका भुयारात राहावयास जातो. तेथे अन्नावाचून ती पोर मरते. तोही पुढे स्टेशनवर मरतो. हे मी लपवून ठेवीत नाही, कारण चित्रपटाची सुरुवातच त्याच्या मरणाने आहे.

मूळ कथा १९६७ मध्ये अकियुकी नोसाका ह्यांनी लिहिली. त्यांची स्वतःची धाकटी बहीण त्या दिवसांत उपासमारीने गेली होती. कथेतला भाऊ जितका मायाळू आहे तितके आपण नव्हतो, असे ते सांगत. दिग्दर्शक ताकाहाता हे नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बाँबवर्षावातून जीव वाचवून पळालेले होते. तरी ते म्हणत, की मी हा केवळ युद्धाविरुद्धचा चित्रपट म्हणून केलेला नाही. ही दोन मुले जगापासून तुटून आपलेच एक घर मांडू पाहतात, ते त्यांना दाखवावयाचे होते.

आणि म्हणूनच जपानात इतक्या वर्षांनी लोक भांडतात, की दोष कोणाचा? मावशीचा की मुलाच्या मानीपणाचा? आम्हीही भांडलो.

तरुण मुलींनी आधी मावशीला शिव्या दिल्या. आमच्या आजी, ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांचे मत निराळे पडले. त्या तेव्हा नवी नवरी होत्या, खडी फोडावयास जात होत्या. घरात सुकडी आणि तांबडा मिलो. त्या म्हणाल्या, "चौदा वर्षांचा म्हणजे लहान नाही. आमच्याकडे चौदा वर्षांची पोरं पाटी वाहत होती. तिनं त्याला काम कर म्हटलं, त्यात काय वाईट?" मुलगी म्हणाली, "आजी, त्याची आई मेली होती." आजी म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांचंच कोणीतरी मेलं होतं."

मला बोलणे भाग पडले. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. सातवीपर्यंत मी काकांकडे होते. तेथली शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढे तालुक्याला पाठवावयास कोणी नव्हते. काकूने मला कधी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. पण आमटीची पळी भांड्याच्या तळातून फिरते की वरच्या वरून फिरते, हे ताटावर बसलेल्या पोराला न बघता कळते. डाळ खाली असते, वर पाणी असते. त्या चित्रपटात नेमके हे दाखवले आहे. मावशी भाताची पातळ पेज वाढते. आपल्या मुलीला आणि भाडेकरूला खालून घट्ट, ह्या दोघांना वरचे पाणी. चार वर्षांची पोर आपल्या वाडग्यात बघते. ताकाहाता हे पुरुष होते, त्यांना ही पळी कशी दिसली ह्याचे मला नवल वाटते. मी एवढेच म्हटले, की बाई गरीब होती हे खरे, पण पळी वळवताना ती बोलतेही, ते मला सहन होत नाही. कमी वाढायचे तर वाढावे. त्याचा हिशेब पोराच्या तोंडावर वाचू नये.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक वहिनी उठल्या. आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे, त्यांनी दिराचे दोन मुलगे आपल्या घरी वाढवले. त्यांच्या परवानगीने हे सांगत आहे. त्या म्हणाल्या, "तिच्या डब्यात किती तांदूळ उरला होता, हे कोणी विचारलं? सगळ्यांनी त्या पोराच्या वाडग्यात बघितलं. तिच्या डब्यात कोणी बघितलं?" आणि चप्पल घालून निघून गेल्या.

दोन शनिवार त्या आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर भाजीच्या पिशवीत बघत पुढे जात. मला वाईट वाटले, पण मी जे बोलले ते मागे घेण्यासारखे नव्हते आणि त्या जे बोलल्या तेही नव्हते. तिसऱ्या शनिवारी त्या वेळेआधी आल्या. खोली मी झाडीत होते. म्हणाल्या, "मला तो परत लावून द्या. मावशीचं तेवढंच." आम्ही दोघींनीच तो बघितला. सेत्सुकोला तिची आई मेल्याचे कोणी सांगितले असते, तर त्या मावशीने. भाऊ लपवत राहतो, आणि एके दिवशी काजवे पुरताना ती पोरच त्याला सांगते की मला मावशीने सांगितले आहे. वहिनी म्हणाल्या, "हे वाईट केलं का तिनं? कोणीतरी सांगायलाच हवं होतं." मी म्हटले, "मला नऊ वर्षांची असताना कोणी सांगितलं नव्हतं. मी चार महिने आईच्या पत्राची वाट बघत होते." त्या काही बोलल्या नाहीत.

पुढे एक शेतकरी सेइताला सांगतो, की बाबा, परत जा, मावशीची क्षमा माग, तिच्याकडेच राहा. तो जात नाही. तेथे वहिनींनी चित्र थांबवावयास सांगितले. त्यांचा धाकटा पुतण्या सोळाव्या वर्षी भांडून घरातून गेला, तो दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, पण येत नाही. त्या म्हणाल्या, "आला असता तर मी काही विचारलं नसतं. ताट केलं असतं. पण ते त्याला कसं कळणार? मी बोलले होते तेवढंच त्याला ठाऊक." मग म्हणाल्या, "पळी मी तळातूनच फिरवीत होते हो." मी म्हटले, "मला माहीत आहे." मला खरोखर माहीत होते, कारण त्यांच्या हळदीकुंकवाला मी त्या मुलांना पाहिलेले आहे. त्या घरची मुले हडकुळी नव्हती.

चर्चेत कोणी जिंकले नाही. आजी अजूनही सेइताला आळशी म्हणतात. त्याच्या आईच्या खात्यावर ७,००० येन होते, ते त्याने वेळेवर का काढले नाहीत, हा माझ्या मुलीचा प्रश्न आहे, आणि तो मला योग्य वाटतो. वहिनी पुतण्याला फोन करणार होत्या. केला की नाही ते मी विचारलेले नाही.

त्यानंतर आम्ही सुनाओ काताबुची ह्यांचा जगाच्या ह्या कोपऱ्यातला चित्रपट पाहिला, २०१६ चा. फुमियो कोनो ह्या बाईंच्या चित्रकथेवरून केलेला. हा चित्रपट भक्तांनी उभा केला, असे म्हणण्यास हरकत नाही. पैसे मिळेनात, तेव्हा २०१५ मध्ये लोकांना आवाहन केले आणि तीन हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे ३ कोटी ९० लाख येन दिले. पुढे तो तेथील चित्रपटगृहांत कोठे ना कोठे हजारावर दिवस चालू होता. गोष्ट सुझू नावाच्या सुनेची. १९४४ मध्ये हिरोशिमाजवळून ती कुरे ह्या आरमारी गावी लग्न होऊन येते. युद्ध वर आकाशात चालते आणि खाली तिचे स्वयंपाकघर चालते. रेशन कमी होते तशी ती रस्त्याकडेची पाने आणून शिजवते, माशाची शेपटी सर्वांत वाटते. एक जुन्या काळच्या सरदाराचा म्हणून सांगितलेला प्रकार आहे. तांदूळ भाजायचे, भरपूर पाण्यात रात्रभर भिजवायचे आणि मग शिजवायचे, म्हणजे फुगून भांडे भरते. भांडे भरते खरे, पण घरची मंडळी पहिल्या घासालाच ज्या तोंडाने एकमेकांकडे बघतात, त्या प्रसंगाला आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. मिलोची भाकरी पहिल्यांदा वाढली तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचे तोंड अगदी तसेच झाले होते म्हणे.

पुढचे हसण्याजोगे नाही. नणंदेची लहान मुलगी सुझूचा हात धरून चालली असताना उशिरा फुटणारा बाँब फुटतो. मुलगी जाते, आणि जो हात तिने धरला होता तो सुझूचा उजवा हात जातो. त्याच हाताने ती चित्रे काढीत असे, त्याच हाताने सारा स्वयंपाक करीत असे. नणंद दुःखाच्या भरात तिला खुनी म्हणते, आणि काही दिवसांनी शब्द परत घेते. शब्द परत घेणारी नणंद मी सिनेमात प्रथमच पाहिली. शेवटी हिरोशिमात एक अनाथ पोर सुझूला चिकटते, तिच्या नसलेल्या हाताच्या बाजूने, आणि नवरा-बायको तिला घरी घेऊन येतात. घरची माणसे तिच्या उवा बघतात, कपडे काढतात, जुने शोधून घालतात.

सगळ्याजणी डोळे पुसत होत्या. वहिनी म्हणाल्या, "इथं संपवलं. पुढची वीस वर्षं दाखवणार कोण?"

ह्या चित्रपटाचा दुसरा, लांबवलेला पाठ २०१९ मध्ये निघाला. तो २ तास ४८ मिनिटांचा आहे आणि त्यात सुझूच्या मनातले पुष्कळ जास्त दाखवले आहे असे मुलगी सांगते. येत्या शनिवारी तो लावावयाचा आहे. लांब असल्यामुळे तीनऐवजी अडीचला सुरू करू. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी घरून खुर्ची आणावी, मंडळाच्या पाच खुर्च्या आजींसाठी आणि काकूंसाठी राखून ठेवलेल्या आहेत. चहा मध्यंतरात होईल. पोहे वहिनी करणार आहेत, आणि त्यांनी बजावले आहे की किती माणसे येणार ते शुक्रवारपर्यंत सांगावे.